उचल, शेळ्या आणि सातबारा: एका कोयत्याचा दोन वर्षांचा हिशेब

बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातलं एक ऊसतोड कुटुंब आणि जून 2023 ते मे 2025 हा काळ, एवढाच या प्रकरणाचा आवाका आहे. ओळख पटू नये म्हणून गावाचं, कारखान्याचं, संस्थेचं किंवा माणसांचं नाव दिलेलं नाही. बचतगटात ज्या नावांनी हाक मारतात तीच इथे ठेवली आहेत: ताई आणि भाऊ.

या दोन वर्षांत गावात एक वाद सतत चालू होता. ही माणसं गरीब का राहतात? एक बाजू म्हणायची, उचलीची (हंगामाआधी मिळणाऱ्या आगाऊ पैशांची) सवय लागलीय, उद्याचा विचारच नाही. दुसरी म्हणायची, हातात दुसरं काही आहे का त्यांच्या? हा वाद तोंडी सुटत नाही. वही उघडली की बराचसा सुटतो.

पार्श्वभूमी

घरात पाच माणसं: भाऊ, ताई, भाऊंची आई, आठवीतली मुलगी आणि पाचवीतला मुलगा. वडिलोपार्जित 9 एकर कोरडवाहू जमीन तीन भावांत, म्हणजे वाट्याला 3 एकर. वाटणी फक्त बांधावरची. सातबारा 2020 मध्ये वारलेल्या वडिलांच्याच नावावर.

नवरा-बायको मिळून एक कोयता. दिवाळीच्या आगेमागे टोळीबरोबर कोल्हापूर भागात जायचं आणि पाडव्याच्या सुमारास परतायचं, असे अकरा हंगाम झाले होते. मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा ठेकेदार, जुलै-ऑगस्टमध्ये उचल देतो आणि ती हंगामात ऊस तोडून फेडायची. फडावर किराणा-औषधासाठी आठवड्याची खर्ची मिळते, तीही नावावर चढते. आजारपणाने काम बुडालं की खाडा, आणि खाड्याचा दंड. वाढं (उसाचे हिरवे शेंडे) विकून येणारे रोजचे शे-सव्वाशे रुपये तेवढे हातात राहतात.

2022-23 च्या हंगामाचा हिशेब असा होता. उचल 75,000, पण त्यात मागची बाकी 21,000 वळती झाल्याने रोख मिळाले 54,000. खर्ची आठवड्याला 1,000 प्रमाणे 18 आठवड्यांचे 18,000. खाडे सात, प्रत्येकी 500 प्रमाणे 3,500. एकूण नावावर 96,500. तोडणी 112 दिवस, दिवसाला सरासरी 2 टन, म्हणजे 224 टन. टनाला 273 रुपये दराने 61,152. पाच महिने पहाटे चारला उठून राबल्यावर घरी आले तेव्हा अंगावर 35,348 रुपये होते.

याशिवाय सावकाराचे 40,000, शेकडा 3 रुपये महिन्याने, म्हणजे नुसतं व्याजच महिन्याला 1,200. दुकानाची उधारी 6,500. सगळं मिळून 81,848.

समस्या आणि तिचं पहिलं, चुकलेलं निदान

गावात बचतगटांचा ग्रामसंघ होता आणि त्याला मदत करणारी एक स्थानिक संस्था. अतिगरीब घरं निवडून त्यांना कोयत्यातून बाहेर काढायचं, असा कार्यक्रम तिने आखला होता. तिचं पहिलं निदान मानसिकतेचं होतं. मे-जून 2023 मध्ये आर्थिक शिस्त, बचत आणि स्वप्नं यांवर तीन सत्रं झाली. शेवटच्या सत्रात बायकांनी ‘यंदा उचल घेणार नाही’ अशा संकल्पपत्रावर सह्या केल्या. त्यातल्या बहुतेक घरांनी ऑगस्टपर्यंत उचल घेतली.

संस्थेतल्या काहींना यातून आपलंच म्हणणं सिद्ध झाल्यासारखं वाटलं. ग्रामसंघाच्या लेखापाल बाईंनी मात्र एक साधा प्रश्न विचारला. आदल्या वर्षीचे रोख मिळालेले 54,000 गेले कुठे? ताईंबरोबर बसून त्यांनी आठवून आठवून यादी केली. सावकाराचं थकलेलं व्याज आणि थोडी मुद्दल 18,000. खत-बियाण्याची उधारी 11,000. सासूच्या दवाखान्याचे 9,000. पोळा, गौरी-गणपती, मुलांचे कपडे आणि वह्या-पुस्तकं मिळून 7,000. गळक्या छपराचे पत्रे 5,000. निघताना बरोबर नेलेले 4,000.

उधळपट्टी शोधायचीच म्हटली तर त्या 7,000 मध्ये शोधावी लागेल, आणि त्यातही निम्म्या वह्याच होत्या.

यादीतली तारीख जास्त बोलकी होती. घराला पैसा लागतो तो जून ते सप्टेंबर: पेरणी, शाळा, पावसाळ्यातले आजार. याच चार महिन्यांत हाताला काम सर्वांत कमी. बँक पीककर्ज देत नाही, कारण सातबारा मयताच्या नावावर. सावकार शेकडा तीनने देतो. मुकादम त्याच महिन्यांत दारात येऊन, कागदावर व्याज न लावता, एकरकमी 50-60 हजार देतो. त्याची किंमत वसूल होते ती कामाच्या अटींतून: कुठल्या फडावर जायचं, किती तास राबायचं आणि तापात पडलं तर काय, हे ठरवायचा हक्क उचलीबरोबर विकला जातो. पण ऑगस्टमध्ये उभं राहून पाहिलं तर गावात मिळणारं सर्वांत स्वस्त कर्ज तेच आहे. म्हणजे ताई-भाऊंचा निर्णय हिशेबाला धरूनच होता.

याला जोडून एका अभ्यासाची आठवण ठेवायला हवी. तमिळनाडूतल्या 464 ऊस उत्पादक शेतकऱ्यांची बौद्धिक चाचणी पीक निघण्याआधी, हात तंग असताना, आणि पीक निघाल्यावर, हाती पैसा असताना, अशी दोनदा घेतली गेली. हा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. तीच माणसं, तेच शिक्षण, तेच संस्कार, तरीही पैसा आल्यावर गुण सरस आले. तंगीत डोक्याची मोठी जागा तंगीच व्यापते. ते शेतकरी स्वतःचा ऊस असणारे होते. इथे तर ऊस दुसऱ्याचा.

समोर असलेले पर्याय

जुलै 2023 मध्ये चार वाटा मांडल्या गेल्या.

दोघांनी पुन्हा जायचं, पण उचल कमी घ्यायची. कागदावर सोपं. पण जुनी 35,348 बाकी तशीच धरली तर रोख हातात काहीच येत नाही, आणि सावकाराचं व्याज चालूच राहतं.

कोयता सोडून चाकणकडे कंत्राटी कामाला जायचं. भाऊंना महिना 13,000 मिळतील असा निरोप होता. खोलीचं भाडं 4,500, शिवाय अनामत आणि पहिला पगार येईपर्यंतचा दीड-दोन महिन्यांचा खर्च. तो उभा करायला पुन्हा उचलच घ्यावी लागली असती, आणि सासूला एकटं टाकता येत नव्हतं. ही वाट लवकरच बाजूला पडली.

ताईंनी मुलांजवळ राहून शेळ्या सांभाळायच्या आणि भाऊंनी पुतण्याला जोडीला घेऊन अर्धा कोयता म्हणून जायचं. अडचण अशी की मुकादमाला पुरा कोयता हवा असतो. एकट्या गड्याला उचलही कमी आणि पुढच्या वर्षी बोलावणं येईलच याची खात्री नाही. (या भागात पोरांची लग्नं लवकर होण्यामागे हेही एक कारण आहे. जोडीशिवाय कोयता होत नाही.)

चौथी वाट विहिरीची. रोजगार हमी योजनेतून (रोहयो) वैयक्तिक सिंचन विहिरीला नोव्हेंबर 2022 पासून 4 लाखांपर्यंत अनुदान होतं. सलग 0.40 हेक्टर जमीन लागायची, तेवढी होती. पण पुन्हा तोच सातबारा.

पहिला निर्णय: आधी कागद

तिसरी आणि चौथी वाट एकत्र घ्यायचं ठरलं. त्यातही सुरुवात वारसनोंदीपासून झाली, आणि या प्रकरणातला सर्वांत फायद्याचा निर्णय हाच ठरला. एका फेरफाराने पीककर्ज, पीकविमा आणि विहीर अशी तीन दारं उघडणार होती.

मग तीन वर्षं हे केलं का नव्हतं? ‘आळस’ असं उत्तर गावात तयार होतं. प्रत्यक्षात नोव्हेंबर ते मार्च दोघेही फडावर. एक भाऊ पुण्यात, दुसरा दुसऱ्या टोळीत. दोन बहिणी सासरी. सगळे एका वेळी गावात असण्याचे दिवस म्हणजे मे महिना आणि गौरी-गणपती. रोहयोचा पुढच्या वर्षाचा आराखडा ज्या ग्रामसभांत ठरतो त्या 2 ऑक्टोबरच्या आसपास, टोळ्या निघायच्या गडबडीत. 26 जानेवारीच्या ग्रामसभेला तर अर्धं गाव कोल्हापुरात आणि कर्नाटकात असतं. सरकारी कॅलेंडर आणि कोयत्याचं कॅलेंडर एकमेकांना भेटतच नाही.

नोंद करताना एक पेच आला. भावांचं म्हणणं, बहिणींनी आधी हक्कसोडपत्र द्यावं. ग्रामसंघाने ते मानलं नाही. वारस म्हणून मुलं-मुली सगळ्यांची नावं लागतात आणि हक्क सोडणं न सोडणं हा नंतरचा, ज्याचा त्याचा प्रश्न. हे दोन विषय एकत्र बांधले की नोंद वर्षानुवर्षं अडकते. मृत्यू दाखला, वारसांचं शपथपत्र आणि अर्ज ऑगस्टमध्ये गौरीच्या आधी दिला. पंधरा दिवसांच्या नोटिशीची मुदत आणि त्यानंतरचे हेलपाटे धरून नोंद नोव्हेंबर 2023 मध्ये प्रमाणित झाली. बहिणींची नावं लागली आणि विहिरीला त्यांनी संमतीही दिली.

दुसरा निर्णय: कर्ज बदलणं आणि भत्ता

ग्रामसंघाने ऑगस्ट 2023 मध्ये 40,000 कर्ज दिलं, शेकडा 1 रुपया महिन्याने, 24 हप्ते, हप्ता 1,883. त्यातून सावकार पूर्ण मिटवला. महिन्याचं व्याज 1,200 वरून 400 वर आलं आणि पुढे उतरत गेलं.

मुकादमाशी बोलणी ग्रामसंघाच्या दोन बायका आणि गावातला एक जुना टोळीप्रमुख यांनी केली. जुनी बाकी दोन हंगामांत फेडायची, वहीवर दोघांच्या सह्या, खाड्याचा दर 500 च्या वर नाही, आणि खर्चीची नोंद दर आठवड्याला भाऊंच्या वहीतही. हे सगळं तोंडी असतं तेव्हाच वाढतं.

संस्थेने चार शेळ्या दिल्या आणि सोबत ऑगस्ट ते जानेवारी महिना 1,500 भत्ता. भत्त्यावर संस्थेत बरीच ओढाताण झाली. ‘फुकट पैसे दिले तर सवय बिघडेल’ हा आक्षेप जोरात होता. शेवटी बांगलादेशातल्या ब्रॅक या संस्थेच्या आणि त्या धर्तीवर पश्चिम बंगालमध्ये झालेल्या कामाचा दाखला कामी आला. तिथे मालमत्तेबरोबर ठरावीक काळ पोटापुरता आधार दिला जातो, म्हणजे घर अडचणीत आलं तरी जनावर विकून खात नाही.

त्याचा अर्थ गावातच दिसला. शेजारच्या एका भूमिहीन घराला शेळ्या मिळाल्या, पण भत्त्याच्या यादीत नाव बसलं नाही. त्या घरातली बाई प्रशिक्षणात सर्वांत उत्साही होती. संकल्पपत्रही तिनेच मोठ्याने वाचलं होतं. ऑक्टोबरमध्ये मुलाला डेंगी झाला, दोन शेळ्या दवाखान्यात गेल्या, उरलेल्या जानेवारीपर्यंत विकल्या आणि पुढच्या हंगामाला दोघं फडावर. तिची जिद्द कुठे कमी पडली?

ब्रॅकच्या त्याच कार्यक्रमावरचा 2022 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास नेमकं हेच सांगतो. मालमत्तेची एक पातळी ओलांडलेली घरं पुढे चढत गेली. जी थोडक्यात खाली राहिली ती पुन्हा घसरली. माणसं तशीच होती, सुरुवातीची मालमत्ता मात्र कमी-जास्त होती.

शेळ्यांचं काय चुकलं

हा भाग सविस्तर सांगण्यासारखा आहे, कारण असेच कार्यक्रम ठिकठिकाणी इथेच आपटतात.

शेळ्या उस्मानाबादी, याच मातीतली जात. काळी, काटक, बऱ्याचदा जुळी देणारी, गाभण काळ पाच महिन्यांचा. निवड चांगली होती, खरेदी वाईट. वर्षाअखेरचं लक्ष्य गाठायच्या घाईत ऑगस्टच्या आठवडी बाजारातून प्रत्येकी 9,000 ने चार शेळ्या चार वेगवेगळ्या कळपांतून घेतल्या. बाजारात दिवसभर शेकडो जनावरांत उभ्या, त्यात टेम्पोचा प्रवास आणि पाऊस. त्याच संध्याकाळी त्या एकत्र बांधल्या.

बाराव्या दिवशी एकीला ताप, नाकातून घट्ट स्राव, तोंडात फोड, मग हगवण. पीपीआर, शेळ्या-मेंढ्यांचा जीवघेणा साथरोग. चार दिवसांत दोन मेल्या, तिसरीने गर्भ टाकला. विम्याचा प्रस्ताव ‘पुढच्या आठवड्यात’ जाणार होता. विम्यासाठी लागणारा बिल्लाच कानात मारलेला नव्हता, त्यामुळे 18,000 गेले ते गेलेच.

पीपीआरची लस त्वचेखाली 1 मिलीची असते. एकदा दिली की साधारण तीन वर्षं पुरते, पण अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात. म्हणजे बाजारातून आणल्यावर लस देणं हा उपायच नव्हे. विकणाऱ्याच्या दारात लस द्यायची, दोन आठवड्यांनी आणायची, पुढचे 15 ते 21 दिवस वेगळं बांधायचं. बिल्ला आणि विमा खरेदीच्याच दिवशी. आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी. हे पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या कोणीही सांगितलं असतं. त्याला खरेदीनंतर बोलावलं.

तिसरा निर्णय: शेळ्या मेल्यावर

सप्टेंबर 2023. पावसाने ऑगस्टभर दडी मारलेली, सोयाबीन करपलेलं. पुढे ऑक्टोबरअखेर राज्याने 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात बीड जिल्ह्यातलेही होते. ताईंनी ग्रामसंघाला सांगितलं, “राहिलेल्या दोन विकून टाकते. आपल्या नशिबात हे नाही. यंदा दोघं जातो.”

नेमकं हे वाक्य ‘मानसिकता’ म्हणून टिपलं जातं. त्या दिवशी बैठकीत तसं झालंही. समुपदेशनाचं एक सत्र ठेवावं, असा प्रस्ताव आला. त्याऐवजी ग्रामसंघाने आपत्ती निधीतून तीन आठवड्यांच्या आत शेजारच्या गावातून लस दिलेल्या दोन शेळ्या बदली दिल्या आणि पशुवैद्यकाचा पंधरवड्याचा फेरा ठरवला. ताई राहिल्या. भाऊ 15,000 उचल घेऊन पुतण्याबरोबर गेले.

मनाचा भाग नसतोच असा याचा अर्थ नाही. भाऊंची भीती वेगळीच होती आणि ती दोन बैठकांनंतर बाहेर आली. मुकादम भावकीतला. आठ वर्षांपूर्वी मुलगी रात्री अत्यवस्थ झाली तेव्हा त्याने अर्ध्या तासात 10,000 रुपये आणि जीप दिली होती. “तुमचा गट रात्री बाराला पैसे देईल का?” या प्रश्नाला ग्रामसंघाकडे उत्तर नव्हतं. मुकादमाला सोडणं म्हणजे त्या घराचा एकमेव विमा सोडणं होतं. यावर समजूत घालून भागलं नसतं. कुठल्याही सभासदाला एका फोनवर, बैठकीविना, 5,000 देणारा तातडीचा निधी सुरू झाला, चावी दोन बायकांकडे. भाऊ अर्ध्या कोयत्याला तयार झाले ते त्यानंतर.

दोन हंगामांचा हिशेब

2023-24. हंगाम 1 नोव्हेंबरला सुरू. तोडणी 105 दिवस, 210 टन. जानेवारी 2024 मध्ये साखर संघ आणि ऊसतोड संघटना यांच्यात करार होऊन दर 34 टक्क्यांनी वाढला, 273 चा 366 झाला. त्यामुळे कोयत्याचे 76,860 आणि भाऊंचा निम्मा वाटा 38,430. त्यातून उचल 15,000, खर्ची 700 प्रमाणे 19 आठवडे 13,300, चार खाड्यांचे 2,000 गेले. उरले 8,130, ते जुन्या बाकीत. बाकी 27,218.

जुन्या दराने भाऊंचा वाटा 28,665 झाला असता आणि हंगाम 1,635 रुपये तुटीत गेला असता. त्याच माणसाने, त्याच कोयत्याने, तेवढाच ऊस तोडला. फरक पडला तो टेबलावरच्या करारामुळे.

ताईंना रोहयोवर 46 दिवस मिळाले, 273 रुपये रोजाने 12,558. आकडा पाहण्यासारखा आहे. करारापूर्वी एक टन ऊस तोडून, मोळ्या बांधून, डोक्यावरून वाहनात भरायचे 273 आणि गावात राहून रोहयोचा एका दिवसाचा रोजही 273. जोडीने दिवसाला दोन टन, म्हणजे माणशी एकच टन. मग लोक रोहयो सोडून फडावर का जातात? कारण उचल आधी मिळते आणि रोहयोची मजुरी नंतर. कायद्याने पंधरा दिवसांत यायला हवी ती ताईंना एकदा सात आठवड्यांनी मिळाली. आणि काम 46 दिवसांचंच होतं, 105 दिवसांचं नव्हतं.

2024-25. जून 2024 मध्ये बकरी ईदच्या आधी तीन बोकड 6,500 प्रमाणे 19,500 ला गेले. जुलैमध्ये नावावर झालेल्या सातबाऱ्यावर 58,000 पीककर्ज मिळालं, बारा हंगामांत पहिल्यांदा. ऑगस्टपासून लाडकी बहीण योजनेचे महिना 1,500 ताईंच्या खात्यात येऊ लागले. त्या वर्षी भाऊंनी उचल घेतलीच नाही. संकल्पपत्राची आठवणही कोणी केली नव्हती.

पाऊस बरा झाला. सोयाबीन 14 क्विंटल, तूर 4 क्विंटल. सोयाबीनला हमीभाव 4,892 होता, पण रब्बीची पेरणी आणि दिवाळी तोंडावर असल्याने ऑक्टोबरमध्येच 4,100 ने विकलं. क्विंटलमागे जवळजवळ 800 रुपये गेले. इथेही थांबण्याची ऐपत नव्हती.

हंगाम निवडणुकीमुळे 15 नोव्हेंबरला सुरू झाला आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात संपला. तोडणी फक्त 84 दिवस, 168 टन, भाऊंचा वाटा 30,744. खर्ची 12,000 वजा जाता 18,744 जुन्या बाकीत. राहिले 8,474. मे 2025 मध्ये ईदच्या आधी चार बोकड 7,500 प्रमाणे 30,000 ला विकले आणि त्यातून मुकादमाचं खातं शून्यावर आलं.

विहीर

मंजुरी 26 जानेवारी 2024 च्या ग्रामसभेत. ताई गावात होत्या म्हणूनच अर्ज पुढे सरकला. तांत्रिक मान्यता एप्रिलमध्ये, खोदाई मेमध्ये. 38 फुटांवर पाणी लागलं, 45 फुटांपर्यंत नेली, बांधकाम पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चाललं.

अडचण पैशांच्या क्रमाची. अकुशल मजुरी मस्टरप्रमाणे (हजेरीपटाप्रमाणे) मजुरांच्या खात्यावर जाते. सुरुंग, यारी (खोदलेला माल वर काढायचं यंत्र), सिमेंट, खडी हा कुशल खर्च आधी लाभार्थ्याने करायचा आणि बिल नंतर यायचं. ते ‘नंतर’ वर्षभर लांबतं. घराने 62,000 घातले: ग्रामसंघाचं दुसरं कर्ज 40,000, बोकडांचे 19,500 आणि घरातले 2,500. मे 2025 अखेर कुशल बिलाचा काही भागच आला होता. शेळ्यांची पहिली कमाई पाठी (मादी पिल्लं) वाढवायला जायला हवी होती, ती सरकारी बिलाची वाट पाहण्यात अडकली.

मे 2025 अखेरची स्थिती

मुकादम शून्य, सावकार शून्य, दुकान शून्य. ग्रामसंघाच्या पहिल्या कर्जाचे 9,400 आणि दुसऱ्याचे 31,000, मिळून 40,400 बाकी. पीककर्ज मार्चमध्ये भरून नवं केलं. कर्ज संपलेलं नाही. पीककर्ज सोडलं तर ते 81,848 वरून निम्म्यावर आलं आणि शेकडा तीनवरून एकवर. दावणीला लहान-मोठ्या 11 शेळ्या. विहिरीत मेअखेरीस आठ फूट पाणी, पंप नाही. सौर पंपाचा अर्ज केला आहे. मुलगी जूनमध्ये दहावीत जाईल, फडावर एकदाही गेली नाही.

भाऊ अजून हंगामाला जातातच. एकट्या शेळ्यांवर आणि तीन एकरांवर घर चालत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

तीन सत्रांचा वेळ आणि खर्च पहिल्याच महिन्यात घराघराच्या वहीवर घातला असता तर संकल्पपत्राची फजिती टळली असती. प्रशिक्षणाचा उपयोग आहे, पण शेळी दारात आल्यावर: चारा, लस, गाभण जनावराची निगा. तेव्हा ताईंनी एकही फेरी चुकवली नाही.

ग्रामसंघाच्या कर्जाचे हप्ते मासिक ठेवले ही मोठी चूक. उत्पन्न वर्षातून तीनदा येतं: सोयाबीन, हंगामाचा हिशेब, ईद. 1,883 चा हप्ता दुष्काळात चारदा चुकला. वहीवर लाल शेरे पडले आणि ताई दोन महिने बैठकीला येईनाशा झाल्या. ‘शरमेने तोंड लपवते’ अशी त्याचीही नोंद स्वभावाच्या रकान्यात झाली होती. हप्ते मार्च, जून आणि नोव्हेंबरला बांधले तेव्हा थकबाकी संपली.

कुशल बिलासाठी ग्रामसंघाने वेगळा फिरता निधी ठेवायला हवा होता, विहीर मंजूर होण्याआधीच.

भत्त्याची यादी ठरवताना भूमिहीनांना आधी घ्यायला हवं होतं. जमीन असलेल्या घराला उभं राहायला सातबारा होता, शेजारच्या घराला काहीच नव्हतं, आणि भत्ता मिळाला तो सातबारावाल्यांना.

तातडीच्या निधीची मर्यादा 5,000 पुरत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी रुग्ण न्यायचा तर गाडीभाडं आणि अनामत धरून 12 ते 15 हजार लागतात. ग्रामसंघाने ती जुलै 2025 पर्यंत 15,000 करायचं ठरवलं होतं, कारण ऑगस्टमध्ये मुकादम पुन्हा गावात येतो.